कोणी गेलेले नाही, सुभानराव धावत आहेत

मृदुलाने चहाच्या बशीशेजारी एक छापील कागद ठेवला, त्यावर पेन ठेवले आणि म्हणाली, "बाबा, इथे एक सही करा ने."

सुभानराव शितोळ्यांनी चहात बुडवलेल्या खारीचा तुकडा तोंडात टाकला, चेहरा गंभीर केला, "कोण गेलं?" असे विचारले आणि उत्तर यायच्या आत सही करून मोकळे झाले. सहीखाली तारीखही घातली. मग पेनाचे टोपण लावून क्षणभर मान खाली घालून बसले.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सुभानराव नोकरीने एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते, पण पाणीगेटात ही गोष्ट कोणाच्या लक्षातही नसे. तिथे ते मराठा मंडळाचे चिटणीस होते, गेली बावीस वर्षे, आणि चिटणिसाचे मुख्य काम म्हणजे निरोप. गुजराती मुलखातल्या त्या शहरात पाणीगेटपासून मांडवीपर्यंतच्या गल्ल्यांत जुन्या संस्थानी फौजेतल्या शिपाई-हवालदारांच्या वंशजांची घरे होती. त्यांच्यात कोणी वारले, की चिटणिसाने पहाटे दारोदार जाऊन सांगायचे. आता घरोघर फोन आले होते, केबल आली होती, कोपऱ्यावर एसटीडीचे बूथ उघडले होते. पण मयताची बातमी फोनवर देणे म्हणजे मयताचा अपमान, असे मंडळींचे ठाम मत होते. निरोप देणाऱ्याने उंबरा ओलांडायचा नाही, टेकायचे नाही, पाण्याचा घोट घ्यायचा नाही आणि निघताना 'येतो' म्हणायचे नाही. संध्याकाळी शोकठराव व्हायचा, त्यावर पहिली सही त्याचीच. त्यामुळे पुढ्यात कागद आला की सुभानराव तो वाचत नसत, थेट दुःख करत.

"कोणी गेलं नाही," कागदाची घडी घालत मृदुला म्हणाली. "तुम्ही धावणार आहात. बारा किलोमीटर."

सुभानरावांच्या हातातली उरलेली खारी चहात पडली आणि तळाला गेली.

मृदुला फतेगंजला मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. फेब्रुवारी अठ्ठ्याण्णवच्या पहिल्या रविवारी शाळेच्या मदतीसाठी दौड ठरली होती. एका कंपनीने कबूल केले होते, की एक माणूस दोन तासांच्या आत बारा किलोमीटर पार करील, तर एका मुलाला कानाचे मशीन मिळेल. मशीन लागणारी मुले चौदा होती. धावणारे तेरा मिळाले होते.

"म्हणून चौदावा मी?" सुभानराव उखडले. "अगं, मी एक्कावन्न वर्षांचा आहे! माझं पोट बघ!"

"पहाटे पाचला उठून अख्खं पाणीगेट फिरणारा दुसरा माणूस मला माहीत नाही."

"ते मी चालत फिरतो! आणि तेही कोणी गेलं तर!"

आतून पद्माबाईंचा आवाज आला. "पंचवीस वर्षांत ह्यांना बसमागे धावताना मी पाहिलं नाही. बस सुटली तर म्हणतात, दुसरी येईल. आणि मृदुला, पडले-बिडले तर निरोप द्यायला कोण जाईल ते आधी ठरव."

सुभानरावांनी सही परत मागितली. मृदुला म्हणाली, देते, पण आधी एकदा शाळेत चला. ती बापाला चांगली ओळखून होती.

शाळेत तिने नीराला समोर उभी केली. नीरा सात वर्षांची होती. तिचे वडील हातगाडीवर शेंगा विकायचे. तिच्या उजव्या कानात थोडे ऐकू येण्याजोगे शिल्लक होते, पण चांगल्या मशिनाशिवाय त्याचा काही उपयोग नव्हता, आणि उशीर झाला तर तेवढेही कामी येणार नव्हते. नीराने सुभानरावांकडे पाहिले, त्यांच्या पोटाकडे पाहिले आणि मृदुलाला खुणेने काहीतरी विचारले.

"काय म्हणते?"

"विचारते, हे काका धावणार?"

"मग तू काय सांगितलंस?"

"हो म्हटलं."

नीराने पुन्हा एकदा त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि ती इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी फरशीवरच बसली. सुभानरावांचे पूर्वज लढाईत पडले असतील, पण त्यांच्याकडे पाहून कोणी असे हसले नसावे. परतताना त्यांनी लहरीपुऱ्यात रिक्षा थांबवली, खाली उतरले आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन आले.

"नऊ नंबर," एवढेच म्हणाले.

आधी ते कमाटीबागेत गेले. तिथे कारखान्यातले तीन साहेब फिरायला येत. त्यांनी दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये येऊन इतकी चौकशी केली, की सुभानरावांनी कमाटीबाग सोडली. मग मृदुलाने मार्ग आखून दिला. घरापासून मांडवी, मांडवीतून लहरीपुरा दरवाजा, आणि परत. पहाटे पाचला निघायचे, म्हणजे अंधारात कोणी बघायला नको.

ह्यात घोटाळा काय आहे, तो वाचकांना दिसला असेल. बापलेकीला दिसला नाही.

पहिल्या दिवशी सुभानराव पांढरे बनियन, पांढरा पायजमा आणि घाम पुसायला खांद्यावर पंचा, अशा वेषात बाहेर पडले. शंभर पावले गेल्यावर त्यांना धाप लागली, चेहरा ओढल्यासारखा झाला. कोपऱ्यावर लक्ष्मण दुकान उघडत होता. लक्ष्मणचे दुकान अंत्यविधीच्या सामानाचे. सुभानराव समोरून धावत गेले. बोलायला श्वास नव्हता म्हणून त्यांनी नुसता हात वर केला.

लक्ष्मणच्या बापजन्मात निरोप असा धावत आला नव्हता. त्याने ताबडतोब दोन बांबू खाली काढले आणि शेजारच्या दाराची कडी वाजवली. "सुभानभाऊ धावत गेले. मोठं कोणीतरी गेलेलं दिसतंय."

पंधरा मिनिटांत चार गल्ल्यांना कळले. सुतक कोणाला लागते ते कळेना, म्हणून सावधगिरी म्हणून सगळ्यांनीच आंघोळी करून घेतल्या. जानेवारीतला गारठा, बंब पेटायला वेळ नाही, तेव्हा थंड पाण्यानेच. चुलीवरचा चहा उतरवला गेला. मोठे कोण, ह्याचा विचार झाला. सर्वांत मोठे हिंमतराव, वय वर्षे शहाऐंशी, त्यात आठवडाभर खोकला. अकरा माणसे हार घेऊन हिंमतरावांच्या दारी पोचली.

हिंमतराव ओट्यावरच्या हिंचक्यावर झोके घेत फाफडा खात होते.

"काय रे, कोण गेलं?" त्यांनी विचारले.

हार मागे लपवण्याची धांदल उडाली. हिंमतरावांची सून स्नेहलता बाहेर आली, तिने सगळ्यांची ओली डोकी बघितली आणि आत जाऊन अकरा कप चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी हाच प्रकार. फक्त माणसे सतरा आणि चहाऐवजी नुसते पाणी. तिसऱ्या दिवशी हिंमतराव पहाटे साडेचारपासूनच हिंचक्यावर येऊन बसले आणि लांबून गर्दी दिसताच ओरडले, "आहे रे आहे! जा घरी!"

संध्याकाळी त्यांनी सुभानरावांना बोलावून घेतले. "सुभान्या, तुला धावायचं तर धाव. पण आधी घरोघर जाऊन सांग, की बाबांनो, मी नुसता धावतोय. ह्या वयात रोज रोज आपल्याच मयताला हजर राहणं मला झेपत नाही."

सल्ला रास्त होता. सुभानरावांनी तो तिथल्या तिथे अमलात आणायचे ठरवले. ते हिंमतरावांच्या घरातून निघाले, गल्लीला वळसा घातला आणि मागच्या दारी स्नेहलताच भाजी निवडत होती, तिच्यापासूनच सुरुवात केली. सवयीप्रमाणे ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले, पंचा सारखा केला आणि खाकरले.

स्नेहलताच्या हातातली पापडीची शेंग खाली पडली. "अगं बाई! माझे बाबा ना? नवसारीहून काल फोन आला होता, बरं नाही म्हणून!"

"नाही नाही, तुमचे बाबा ठीक असतील. मी फक्त सांगायला आलो—"

"मग कोण? कधी?"

"उद्या पहाटे पाचला," सुभानराव म्हणाले.

स्नेहलताचे रडणे जागच्या जागी थांबले. आजवर सुभानराव झालेली बातमी सांगत. आता होणारी सांगू लागले म्हटल्यावर तिने हात जोडले आणि दार लावून घेतले. पुढच्या नऊ घरांतही ह्याहून वेगळे काही घडले नाही. त्यांनी खाकरले की आत रडणे सुरू होई. सातव्या घरातल्या म्हातारीने तर कोण गेले ते न विचारताच गेलेल्याचे गुण सांगायला सुरुवात केली.

शेवटी सुभानरावांनी लेखी सूचना द्यायचे ठरवले. मंडळाच्या दारात एक फळा होता. त्यावर त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिले: 'श्री. सुभानराव शितोळे (वय ५१) हे रोज पहाटे धावत आहेत. कोणी गेलेले नाही. मंडळींनी आंघोळ करू नये.'

सूचना निर्दोष होती. पण त्या फळ्याच्या माथ्यावर 'दुःखद निधन' हे दोन शब्द ऑइलपेंटने कायमचे रंगवलेले होते, ते बावीस वर्षे रोज बघून सुभानरावांना दिसेनासे झाले होते. इतरांना ते दिसले. त्यांच्याखाली सुभानरावांचे नाव दिसले, वय दिसले, आणि पुढचे वाचायला कोणाचे डोळे कोरडे राहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुभानराव बुटाची नाडी बांधत होते, तोच बाहेर माणसांची कुजबुज ऐकू आली. त्यांनी दाराला कान लावला.

"एक्कावन्न म्हणजे काही वय झालं का?"

"धावण्यानंच घात केला. चांगला चालत होता."

"आता सांगायला कोण येणार? सांगणाराच गेला."

मग लक्ष्मणचा आवाज आला. "माणूस सोन्यासारखा होता. पण खरं सांगू? दारात दिसला की पोटात गोळा यायचा. आमच्या आईला तर दिवाळीतसुद्धा त्याची धास्ती. बिचारा फराळाला बोलवावं असा. पण कोणी कधी बोलावलं नाही."

"हो ने," दोन-तीन जण म्हणाले.

सुभानरावांची नाडी हातातच राहिली. आपण चार गल्ल्यांचे काम निष्ठेने केले, कधी आळस केला नाही, अंगात ताप असताना निरोप दिले, आणि आपल्याला पाहून लोकांच्या पोटात गोळा येतो, हे त्यांना आज समजत होते. वाईट वाटले. फार वाईट वाटले. मागून पद्माबाई आल्या. त्यांनीही ऐकले होते. त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला, मग पदर खोचला आणि दार सताड उघडले.

दारात लक्ष्मण दोन बांबू आणि मडके घेऊन उभा होता. त्याने पद्माबाईंना नमस्कार केला, त्यांच्या मागे उभ्या असलेल्या सुभानरावांना पाहिले आणि म्हणाला, "सुभानभाऊ, तुम्ही? मग हे सामान कोणाचं?"

"तुझंच!" पद्माबाई कडाडल्या. "फळा पूर्ण वाचता येत नाही का रे? ते धावताहेत! एका मुलीला ऐकू यावं म्हणून धावताहेत! आणि तुम्ही त्यांना रोज अडवताय!"

मग त्यांनी पायरीवर उभे राहून सगळी हकिगत सांगितली. नीरा, शेंगांची गाडी, उजवा कान, बारा किलोमीटर, दोन तास. पाणीगेटात एवढे मोठे भाषण निवडणुकीतही झाले नव्हते. मंडळी खाली मान घालून ऐकत होती. शेवटी लक्ष्मणने मडके जमिनीवर ठेवले आणि विचारले, "वहिनी, दौड कुठल्या रस्त्यानं आहे?"

रस्ता फतेगंजहून निघून अलकापुरीला वळसा घालणार होता आणि शहराला फेरी मारून पाणीगेटवरून मांडवी, लहरीपुरा करत सुरसागरच्या काठी संपणार होता. सकाळी सातला सुरुवात, नवाच्या ठोक्याला शेवट.

दौडीच्या दिवशी पहिले अठ्ठ्याण्णव नंबर छोट्या दौडीतल्या पोरांना गेले आणि सुभानरावांच्या बनियनवर एकशे बारा नंबर लागला. पाच आठवड्यांची मेहनत वाया गेली नव्हती. ते सगळ्यांच्या मागे होते, हे खरे, पण थांबत नव्हते. साडेदहा किलोमीटर संपवून साडेआठला ते पाणीगेटच्या दरवाज्यात शिरले, तेव्हा दीड किलोमीटर आणि अर्धा तास हातात होता. काम फत्ते झाल्यातच जमा होते.

आणि तिथेच सगळे फिसकटले.

गल्लीत प्रत्येक ओट्यावर माणसे उभी होती. पहिल्याच दारात, म्हणजे हिंमतरावांच्या मागच्या दारी, स्नेहलता तांब्या घेऊन पुढे आली. "भाऊ, पाणी घ्या."

सुभानराव सवयीने म्हणाले, "नको, मला घेता येत नाही."

"आज घेता येतं," ती म्हणाली. "आज तुम्ही कोणाची बातमी आणली नाहीये."

सुभानरावांनी तांब्या तोंडाला लावला. ह्या दारात ते बावीस वर्षे येत होते आणि ह्या घरचे पाणी त्यांना पहिल्यांदा मिळत होते. त्यांचे डोळे भरून आले. घाम असल्यामुळे कोणाला कळले नाही.

पुढच्या दारात लिंबाचे सरबत होते. त्यापुढच्या दारात ताक. मग कोकम, मग वरियाळीचे, म्हणजे बडीशेपेचे, सरबत, मग सातव्या घरातल्या म्हातारीने स्वतः कालवलेले गुळाचे पाणी. लक्ष्मणच्या आईने दुकानाच्या पायरीवर बसून त्यांच्यासाठी नारळ फोडून ठेवला होता. शहाणा माणूस 'पुरे' म्हणाला असता. पण बावीस वर्षांचा तहानलेला माणूस एका तरी दाराला नाही कसे म्हणणार? सुभानरावांनी एकही भांडे परत पाठवले नाही.

सतराव्या घरापाशी त्यांचे पोट घागरीसारखे डचमळू लागले. अठराव्या घरापाशी बरगडीखाली कळ आली. गल्लीला वळसा घालून हिंमतरावांच्या पुढच्या ओट्याशी आल्यावर पोटरीत असा गोळा आला, की सुभानराव मटकन खालीच बसले. घड्याळात आठ चाळीस झाले होते.

"होत नाही, काका," ते म्हणाले. "संपलं. त्या पोरीला काय सांगू?"

हिंमतराव हिंचक्यावरून उठले. काठी टेकत पायऱ्या उतरले आणि सुभानरावांच्या समोर उभे राहिले.

"सुभान्या, गेल्या महिन्यात तू मला तीन वेळा मारलंस. मी तिन्ही वेळा उठून बसलो. तुला एकदा उठता येत नाही?"

सुभानराव उठले. पाय टेकवेना, तेव्हा लक्ष्मण दुकानात पळाला आणि आधाराला एक बांबू घेऊन आला. नियम असा होता, की स्वतःच्या पायांनी यायचे. बांबूबद्दल नियमांत काही नव्हते. हिंमतराव म्हणाले, "चल, मी पुढे होतो," आणि खरोखरच पुढे झाले.

सुभानराव लंगडत निघाले. त्यांच्यामागून लक्ष्मण निघाला. मग ओट्यांवरचे एकेक जण उतरले. रविवारची सकाळ, बहुतेक पायजमा-सदऱ्यात, बरेचसे ओट्यावरून तसेच आलेले, अनवाणी. सुभानरावांच्या मागून चालताना बोलायचे नाही, घाई करायची नाही, मान खाली ठेवायची, हे इतक्या वर्षांत प्रत्येकाच्या अंगी इतके मुरले होते, की कोणी सांगितले नसताना ती सत्तर-ऐंशी माणसे दोन-दोनच्या रांगेत, खांद्यावर पंचे टाकून, गंभीरपणे चालू लागली.

दौडीचे स्वयंसेवक केव्हाच आवरून गेले होते. मांडवीला बस, रिक्षा, हातगाड्या, स्कूटर असा सगळा बाजार उसळत होता. एरवी त्यातून वाट काढायलाच अर्धा तास गेला असता. पण समोरून ही रांग येताना दिसली आणि स्कूटरी बंद झाल्या. हातगाडीवाल्यांनी गाड्या कडेला घेतल्या. बसच्या ड्रायव्हरने इंजिन बंद करून हात जोडले. चौकातला पोलीस धावत आला, त्याने दोन्ही बाजूंची वाहतूक अडवली, टोपी काढली आणि रांग खासवाडीच्या स्मशानाच्या उलट दिशेला चाललेली पाहून सगळ्यांत पुढच्या म्हाताऱ्याला हळूच म्हणाला, "काका, खासवाडी तो पेली बाजू छे."

"मने खबर छे," हिंमतराव म्हणाले. "हमणां नथी जवुं." तिकडे इतक्यात जायचा त्यांचा विचार नव्हता.

सुरसागरच्या काठी मांडव होता. बँड वाजत होता. प्रमुख पाहुणे आभाराच्या भाषणाची वाट पाहत बसले होते. मृदुला नीराचा हात धरून फितीपाशी उभी होती आणि दर मिनिटाला रस्त्याकडे बघत होती. फितीच्या टोकाला पंड्यासाहेब स्टॉपवॉच घेऊन उभे होते. पंड्यासाहेब निवृत्त क्रीडाशिक्षक. आधीच्या छोट्या दौडीत चार सेकंद उशीर झालेल्या एका तरुणाला त्यांनी मघाशीच बाद केले होते, आणि तो रडला तेव्हा त्याला रुमाल दिला होता, वेळ दिली नव्हती.

नवाला दोन मिनिटे असताना लहरीपुरा दरवाज्यातून ती मूक रांग बाहेर पडली. बँडमास्तरने ती पाहिली आणि पिपाणी खाली केली. ढोल थांबला. प्रमुख पाहुणे उठून उभे राहिले, म्हणून सगळा मांडव उठून उभा राहिला. माईकवरून कोणीतरी गंभीर आवाजात म्हणाले, "बे मिनिटनुं मौन." पंड्यासाहेबांनी चाळीस वर्षे शाळेच्या मैदानावर मौन पाळले होते आणि पाळायला लावले होते. त्यांनी टाचा जुळवल्या, टोपी काढली आणि शिस्तीप्रमाणे स्टॉपवॉचची कळ दाबून घड्याळ थांबवले.

त्या पूर्ण शांततेत फक्त बांबूचा ठक ठक आवाज येत होता. दोन मिनिटे झाली. तीन झाली. रांग फितीपाशी आली. हिंमतराव बाजूला झाले, आणि सुभानराव फितीला छाती लावून पलीकडे गेले, ते थेट मृदुलाच्या पायाशी बसले.

पंड्यासाहेब वाकले. हलक्या आवाजात म्हणाले, "कोण ऑफ थई गया, भाई?"

"कोणी नाही, साहेब," सुभानराव धापा टाकत म्हणाले. "मी नंबर एकशे बारा."

पंड्यासाहेबांनी त्यांच्या बनियनकडे पाहिले. मागच्या ऐंशी माणसांकडे पाहिले. मग हातातल्या घड्याळाकडे पाहिले. त्यात एक तास, अठ्ठावन्न मिनिटे आणि वीस सेकंद होते. मांडवातल्या घड्याळात नऊ वाजून दोन मिनिटे झाली होती. नीराला काय चालले आहे ते कळत नव्हते, पण सगळे ह्या टोपीवाल्या माणसाकडे बघताहेत एवढे कळत होते, म्हणून तीही त्यांच्याकडेच टक लावून बघू लागली.

पंड्यासाहेबांच्या चेहऱ्यावर बराच वेळ नियमाशी झगडा चालला. मग त्यांनी टोपी घातली, खिशातून पेन काढले आणि वहीत एक अठ्ठावन्न वीस असा आकडा लिहिला.

"मौनमां टाइम न गणाय," ते ठणकावून म्हणाले. "नियम एटले नियम."

एवढा मोठा जल्लोष सुरसागरच्या काठी पूर्वी झाला असेल. पण मौनातून एकदम फुटलेला बहुधा हा पहिलाच. बँड पुन्हा सुरू झाला. हिंमतरावांना कोणीतरी हार घातला, तेव्हा ते म्हणाले, "चला, हार एकदाचा कामी आला."

सुभानराव रिक्षाने घरी आले. तीन दिवस जिना उतरले नाहीत. पद्माबाईंनी पाय शेकले, तेल चोळले आणि त्यांच्याकडून स्वच्छ शब्दांत वदवून घेतले, की आता धावणे बंद. "बंद म्हणजे बंद," सुभानराव म्हणाले. "यापुढे घराला आग लागली तरी मी चालत बाहेर येईन." बूट माळ्यावर गेले.

महिन्याने नीराचे मशीन आले. मृदुला म्हणाली, "बाबा, आज अर्धी रजा टाकून कारखान्यातून परस्पर शाळेत या." सुभानराव इस्त्रीचे कपडे आणि कारखान्याचे जाड तळव्यांचे बूट अशा थाटात फतेगंजला गेले. प्रार्थनेच्या हॉलमध्ये नीरा लाकडी स्टेजवर पाय सोडून बसली होती. उजव्या कानामागे काहीतरी चिमुकले चमकत होते. शेजारी तिचे वडील उभे होते. शेंगांची पुडी हातात घेऊन आले होते, ती द्यायचेसुद्धा विसरले होते.

सुभानरावांनी घरून निघताना काय बोलायचे ते ठरवले होते. पण इथे आल्यावर ते नुसते जोरात म्हणाले, "नीरा!"

नीरा दचकली. तिने कानावर हात नेला, मग हळूच काढला. त्यांच्याकडे पाहिले आणि मृदुलाला भराभरा खुणा करून काहीतरी सांगू लागली. दोन बोटे तळहातावर पळवून दाखवली, पुन्हा कानाकडे बोट केले.

मृदुला हसू लागली.

"काय म्हणते?"

"म्हणते, त्या दिवशी तुम्हाला तिनं शेवटी येताना नुसतं पाहिलं. धावण्याला आवाज असतो हे तिला माहीत नव्हतं. तो कसा असतो, ते ऐकायचंय तिला."

सुभानरावांनी आजूबाजूला पाहिले. शिक्षिका होत्या, मुख्याध्यापिका होत्या, चाळीस मुले होती. शेंगावाला हात जोडून उभा होता. सुभानरावांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, स्टेजवर चढले आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले. लाकडी फळ्या धडाड् धडाड् दणाणल्या. वरून धूळ पडली.

नीराने डोळे मोठे केले. तिने दोन्ही हात फळ्यांवर पसरले, मग उचलून कानाशी नेले, आणि त्या पहिल्या दिवशी हसली होती तशी, तोंड भरून, सगळ्या अंगाने हसली. एक बोट वर केले.

"अजून एकदा म्हणते," मृदुला म्हणाली.

"कळलं मला," सुभानराव म्हणाले आणि वळून पुन्हा धावले. नंतरच्या फेऱ्या कोणी मोजल्या नाहीत. शाळा सुटली, तेव्हाही ते धावतच होते.